रोमन नाणी चिंच-लिंबाने साफ केली तर चालतील का? आणि ती खरी की खोटी कसं ओळखायचं?

चिंच लावू नका. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, आणि व्हिडिओत कोणी नाणी कोलात बुडवताना दिसला तर तो व्हिडिओ तिथंच बंद करा.

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये नवीन आहात, मातीने भरलेल्या 30 रोमन नाण्यांची पिशवी ऑनलाइन घेतलीत, आणि घरी तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात तशी ही होतील का. हातातलं काम टाकून लिहायला बसलोय, कारण चिंच या विषयावरून आमच्या घरात अजून भांडण होतं.

2016 च्या उन्हाळ्यात माझे काका पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला तीन आठवडे राहायला आले होते. काका तांबट आळीतले. चाळीस वर्षं बंब, घंगाळी आणि पातेली ठोकली. पहिला आठवडा फिरण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि काकांचे हात शिवशिवायला लागले. मी ऑफिसला, बायको ऑफिसला. फ्रीजमध्ये आमटीसाठी भिजवलेली चिंच आणि बाहेरच्या खोलीत माझा नाण्यांचा ट्रे.

संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर कागद पसरलेला आणि त्यावर चार नाणी, उंदराच्या पिल्लासारखी गुलाबी.

"चार झालीत. बाकीची उद्या करतो," काका म्हणाले. चेहऱ्यावर समाधान.

तीन नाण्यांचं मला फारसं वाटलं नाही, दोन-दोन पौंडांची होती. चौथं मात्र रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं, लंडनच्या टांकसाळीतलं, 310 ते 317 च्या दरम्यान पाडलेलं. मागच्या बाजूला सूर्यदेव उभा, डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर केलेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल. भोवती अक्षरं, 'सोली इनविक्टो कॉमिटी', म्हणजे अजिंक्य सूर्याला, सम्राटाच्या सोबत्याला. तळाशी टांकसाळीची खूण, पी एल एन. ती टांकसाळ 325 च्या सुमारास बंद पडली. मी राहतो तिथून साठेक किलोमीटरवर कोणीतरी हे नाणं हातोड्याने पाडलं होतं, या एका गोष्टीसाठी मी त्याचे 35 पौंड मोजले होते.

त्या काळातल्या या नाण्यांमध्ये चांदी नावापुरती. धातू मुख्यतः तांब्याचा, वरून चांदीचा अगदी पातळ मुलामा. बहुतेकांचा तो केव्हाच झिजून गेलेला असतो. माझ्या नाण्यावर सूर्याच्या किरणांमधल्या खाचांत तो शिल्लक होता. दिव्याखाली तिरकं धरलं की राखाडी चमक दिसायची. ती गेली. सूर्याचं नाक गेलं. खालच्या खुणेतला मधला एल गेला, पी आणि एन यांच्यामध्ये आता खड्डा आहे.

मी काकांना मुलाम्याचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कल्हई होती ना? मग त्यात काय. नवसागर मिळतो का इकडे? परत करून देतो."

मग जे व्हायचं ते झालं. काकांचा मुद्दा असा: राजानं काय हिरवं नाणं पाडलं होतं? पाडलं तेव्हा चकचकीत होतं, मी त्याला परत तसं केलं. तुझी आजी देवघरातलं तांबं दर शनिवारी घासायची, ती काय खुळी होती? आणि कळंक चढलेली वस्तू साडेतीन हजार देऊन घेतोस, वर मला अक्कल शिकवतोस.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, नुसता आवाज चढला. आता सांगतो. आजीचा तांब्या रोज वापरात होता. त्याच्यावरचा कळंक आठ दिवसांचा, घासला की खाली धडधाकट तांबं. जमिनीत सतराशे वर्षं पडलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याचा वरचा धातूच हळूहळू बदलून लाल-तपकिरी आणि हिरवा थर झालेला असतो. सूर्याचं नाक, अक्षरांच्या कडा, सगळं त्या थरात कोरलेलं असतं. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, म्हणजे अक्षरच खातं. खाली उरतो तो नाण्याचा गर. काका, तुमचा मुलगा हे तुम्हाला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून परत लिहितो: राजानं पाडलेला पृष्ठभाग त्या हिरव्यातच होता.

तर तुमची नाणी. डिस्टिल्ड वॉटर आणा, नाणी त्यात बुडवून ठेवा, दर दोन-चार दिवसांनी पाणी बदला. मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, भिंग. आठवडे लागतात, कधी महिने. अक्षरं वाचता आली की थांबा, चमक यायची वाट बघू नका. सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ 2010 मध्ये एकाच मोठ्या मडक्यात 52,503 रोमन नाणी सापडली. ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनीही ती आधी धुऊन वाळवली, चिंचेचं बुटूक कोणी आणलं नाही. एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी पावडर दिसली आणि झटकूनही परत आली तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं वेगळं आणि अगदी कोरडं ठेवा, नाहीतर ते आतून पोखरत जातं.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल मात्र काकांचंच ऐका. हो, त्याच काकांचं. भांडण शमल्यावर त्यांनी तेच गुलाबी नाणं उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे ओतीव नाही, ठोकलंय. कड फाटलीय बघ. हातोड्याखाली धातू पसरतो तेव्हाच अशी फाटते." मी तोवर तीन पुस्तकं वाचली होती आणि ही गोष्ट मला अशी बोटाने कळली नव्हती. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला बहुतेकदा दोन अर्ध्यांच्या सांध्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची भोकं, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी बोथट. एक छोटा वजनकाटा घ्या. प्राचीन अथेन्सचं, घुबडाचं चित्र असलेलं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं 17.2 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. कोणी 14 ग्रॅमचं घुबड दाखवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि पहिलंच नाणं म्हणून घुबड घेऊ नका, सगळ्यांना तेच हवं असतं, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त.

नवे ठसे कोरून हातोड्यानेच पाडलेल्या नकलाही बाजारात आहेत, त्यांच्यापुढे कड बघून भागत नाही. तिथं लेखी हमी देणारा आणि खोटं निघालं तर पैसे परत करणारा विक्रेता लागतो. तुमची 30 नाणी खोटी असण्याची शक्यता कमीच. पाऊण पौंडाच्या नाण्याची नक्कल करून कोणाचं पोट भरणार? पण अशा पिशव्यांतला बराच माल आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांतून, कुठून खणला याची नोंद न ठेवता आलेला असतो. मीही सुरुवातीला दोन घेतल्या होत्या. आता घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं माझं मत आहे. तेवढ्याच पैशात कुठं सापडलं ते लिहिलेलं एक बरं नाणं येतं. भारतात न्यायचा विचार असेल तर आधी कस्टमचे नियम बघा. शंभर वर्षांवरचं नाणं तिथं पुरावस्तू ठरतं, 1972 च्या कायद्यामुळे ते पुन्हा बाहेर आणता येत नाही. आणि साफ करण्याचं हे सगळं तांब्या-ब्राँझच्या नाण्यांबद्दल लिहिलंय, चांदीचं वेगळं असतं.

ते लंडनचं नाणं अजून ट्रेमध्ये आहे. नऊ-दहा वर्षांत त्याचा गुलाबीपणा उतरून आता तपकिरी छटा यायला लागली आहे. काका फोनवर विचारतात, "चमक टिकली का रे?" मी हो म्हणतो. नाहीतर चिंच घेऊन पुढच्या विमानाने येतील.