ओढ्याचं गढूळ पाणी: नुसती तुरटी पुरते का?

ताई, तुम्ही विचारलंय की वेल्ह्याकडे गावी सासू-सासरे पावसाळ्यात ओढ्याचं पाणी पितात, लाल गढूळ येतं, लाईटचा भरवसा नाही म्हणून पाणी शुद्ध करायचं मशीन नको, मग नुसती तुरटी फिरवली तर चालेल का. नाही चालणार. तुरटीने गाळ खाली बसतो, त्याच्याबरोबर थोडे जंतू जातात पण मरत नाहीत, आणि पाणी काचेसारखं दिसलं की माणूस बिनधास्त पितो, खरा घात तिथेच होतो. मी पुण्यात धायरीला राहतो. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता, तो काही डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला उकळी आली की मरतो.

तरी तुरटी सोडू नका, फक्त ती पहिली पायरी धरा. आधी जुनी सुती साडी चार घड्या करून पाणी गाळा, मग तुरटीचा खडा थोडा फिरवा आणि तास-दोन तास हंडा हलवू नका, वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचं टाकून द्या. सासूबाईंना निवळीची बी उगाळून हंड्याला आतून लावायची माहीत असेल, तिचंही काम तेच, पाणी निवळवायचं.

आता जंतू मारायचे. खळखळ उकळी एक मिनिट, एवढं पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. सरपण परवडत नसेल तर मेडिकलमधून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या आणा, गावच्या आशा कार्यकर्तीलाही विचारून बघा, लेबलवर लिहिलंय तेवढंच प्रमाण आणि अर्धा तास थांबायचं. शेवटी हलका वास यायला हवा, अजिबात येत नसेल तर क्लोरीन घाणीतच संपलं समजा, म्हणून तर आधी गाळ काढायचा. वासामुळे सासरे नको म्हणाले तर अर्धा तास झाल्यावर दोन स्वच्छ भांड्यांत चार-पाच वेळा वरखाली करा, वास बराच उतरतो.

पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवायची पद्धत उन्हाळ्यात छान चालते, ढगाळ असेल तर दोन दिवस लागतात, पण वेल्ह्याच्या संततधार पावसात तिच्यावर अजिबात विसंबू नका.

आणि हे सगळं करून कोणी माठात हात बुडवून पेला भरला तर मेहनत पाण्यात. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ, वर झाकण, एवढं कराच, याला माझ्या मते फिल्टरइतकंच महत्त्व आहे.

एकच, शेतात नुकतीच फवारणी झाली असेल आणि ते पाणी ओढ्यात उतरत असेल तर उकळूनही औषध जात नाही, त्या दिवसांत पिण्यापुरतं पाणी दुसरीकडून आणा.