चारच्या कळीवर ₹ छापलेले आहे, तरी ते उमटत का नाही?

आपला प्रश्न असा आहे : नव्या लॅपटॉपच्या ४ या कळीवर ₹ छापलेले असूनही ते उमटत नाही, °, × आणि ½ ही चिन्हे तर कळफलकावर कुठेच दिसत नाहीत, मराठीत ‘पायऱ्या’ लिहायला गेले की ‘पायर्या’ होते, तेव्हा दर वेळी इंटरनेटवरून चिन्ह उचलून चिकटवण्यावाचून दुसरा काही उपाय आहे का?

उपाय आहे, आणि तो फारसा अवघड नाही. फोर्टमधल्या एका छोट्या कार्यालयात मराठी-इंग्रजी टंकनाचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि गिरगावातल्या आमच्या चाळीच्या समितीचा पत्रव्यवहारही माझ्याच गळ्यात आहे. त्या अनुभवावरून सांगतो की उचलून चिकटवण्यात वेळ जातो ही गोष्ट किरकोळ आहे. खरी अडचण अशी की, चिकटवलेले चिन्ह डोळ्यांना बरोबर दिसले तरी ते आतून नेमके कोणते आहे हे आपल्याला कळत नाही. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही. तो अक्षराचा क्रमांक पाहतो.

आधी रुपयाचे पाहू. कळीवर छापलेले चिन्ह हा केवळ रंग असतो. ती कळ दाबल्यावर काय उमटावे हे संगणकात निवडलेला कळफलक ठरवतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर तो अमेरिकी असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ या नावाचा कळफलक जोडा. येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते : भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ असली तरी तिच्याखालचा कळफलक ‘यूएस’ असू शकतो, म्हणून भाषेच्या नावावर न थांबता कळफलकाचे नाव वाचा. एवढे झाले की उजव्या हाताची ऑल्ट कळ दाबून धरून ४ दाबायचे, ₹ उमटते. डाव्या ऑल्टने ते होत नाही, मात्र डावीकडचे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबून ४ दाबले तर होते. बाकीच्या कळा अमेरिकी कळफलकासारख्याच राहतात, त्यामुळे हाताला नवी सवय लावावी लागत नाही. भलताच कळफलक निवडला गेला तर काय होते याचा नमुना म्हणजे ब्रिटिश कळफलक : त्यात @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते, आणि ईमेलचा पत्ता लिहिताना माणूस यंत्र बिघडले असे समजून बसतो.

हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते रेखाटणारे डी. उदय कुमार आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले, याचे मला मुंबईकर म्हणून थोडे कौतुक आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या) ६.० या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. मधल्या काळात मात्र लोकांना धीर नव्हता. इंग्रजी कळफलकावर १च्या डावीकडे जी तिरकी टिंबासारखी खूण असते, तिच्या जागी रुपयाचे चित्र बसवलेला एक फॉन्ट तेव्हा हातोहात फिरत होता. मीही तो वापरून आमच्या चाळीच्या वर्गणीचा सगळा हिशेब टाइप केला, आणि छपाईच्या दुकानातल्या यंत्रावर तो फॉन्ट नसल्यामुळे प्रत्येक रकमेआधी ती बारीक तिरकी खूण छापून आली. आकार रुपयाचा होता, क्रमांक त्या खुणेचाच राहिला होता.

आता ऑल्टचे आकडे. कळफलकाच्या उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा गट असेल तर नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट दाबून धरून त्या गटावर आकडे दाबायचे आणि मग ऑल्ट सोडायची. ०१७६ ने °, ०२१५ ने ×, ०२४७ ने ÷, ०१७७ ने ±, ०१७८ ने ², तर ०१८८, ०१८९ आणि ०१९० यांनी अनुक्रमे ¼, ½ आणि ¾ मिळतात. वरच्या ओळीतले आकडे येथे चालत नाहीत. आकड्यांचा गट नसलेल्या लहान लॅपटॉपवर ही युक्ती फसते ती याच कारणाने. सुरुवातीचे शून्य गाळू नये. ते असेल तर विंडोजची चिन्हांची यादी वापरली जाते, नसेल तर विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातली जुनी यादी, आणि या दोन्ही यादींत १२७च्या पुढे एकाच आकड्याला वेगळे चिन्ह आहे. नुसत्या २४८ ने अंशाचे चिन्ह येते, पण ०२४८ ने डॅनिश भाषेतला तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ येतो. या दोन्ही यादी २५५पाशी संपतात. म्हणूनच रुपयाचा दशमान क्रमांक ८३७७ वर्डमध्ये चालतो, पण जुन्या नोटपॅडमध्ये तोच दाबला तर ╣ असे काहीतरी उमटते. ८३७७ला २५६ने भागले की बाकी १८५ उरते, आणि जुन्या यादीत १८५वर ही आकृती आहे.

मला स्वतःला ऑल्टच्या आकड्यांपेक्षा वर्डमधली दुसरी सोय अधिक भरवशाची वाटते. युनिकोडचा चार स्थानांचा क्रमांक (दशमान नव्हे, सोळाच्या पटीत मोजलेला, म्हणून त्यात ए ते एफ ही अक्षरेही येतात) टाइप करायचा आणि लगेच ऑल्टसह एक्स दाबायचे. रुपयासाठी २०बी९ (यातला ‘बी’ रोमन लिपीतला, आणि आकडेही इंग्रजी), गुणाकारासाठी ००डी७. क्रमांकाला चिकटून आधी रोमन अक्षर किंवा आकडा असेल तर संगणक तोही क्रमांकाचाच भाग समजू शकतो, तेव्हा अशा वेळी फक्त क्रमांक निवडून मग कळ दाबावी. याचा खरा उपयोग उलट दिशेने आहे : कोणत्याही चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबले की त्या चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो, आणि पुन्हा दाबले की चिन्ह परत येते. कोठून तरी उचलून आणलेल्या चिन्हाची ओळख पटवायला याहून सोपे साधन मला माहीत नाही.

वर्डबाहेर काम असेल तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा. चेहऱ्यांची खिडकी उघडते, तिच्यातच चिन्हांचा वेगळा कप्पा आहे. गूगल डॉक्समध्ये विशेष चिन्हांच्या चौकटीत माऊसने आकार रेखाटला तरी जुळणारी चिन्हे समोर येतात. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबल्याने चिन्हांची पेटी उघडते, आणि अंशाचे चिन्ह ऑप्शन-शिफ्ट-८ ने थेट येते. कधी चिन्ह न मागता येते, त्याचाही बंदोबस्त असावा : इंग्रजी प्रतिज्ञापत्रात कलमांना कंसात ए, बी, सी असे क्रम देताना तिसऱ्या कलमापाशी वर्ड आपणहून © काढतो. तेथे लगेच कंट्रोल-झेड दाबले की कंसातला सी परत येतो. मी हे एकदा न पाहता पुढे पाठवले होते आणि वकीलसाहेबांनी कलमाचे हक्क कोणाकडे आहेत असे विचारले होते.

मराठीकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग तोच आहे. ‘र’, हलन्त आणि ‘य’ असे टाइप केले की संगणक रफार देतो, आणि ‘पायर्या’ होते. आडवा र हवा असेल तर सुरुवातच वेगळ्या अक्षराने करावी लागते : ते म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी, मग ‘य’साठी इंग्रजी तिरक्या रेघेची कळ, ‘ऱ्य’ तयार. ही काही हौसेची बाब नाही. आचार्यांना निमंत्रण देणे वेगळे आणि आचाऱ्यांना देणे वेगळे. लग्नघरात दोघेही लागतात, पण एकाच कामासाठी नव्हे.

याच आकाराचा दुसरा मार्गही आहे : साधा र, हलन्त, त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक (क्रमांक २००डी) आणि मग य. युनिकोडला दोन्ही मार्ग मान्य आहेत. ‘गॅलऱ्या’ आणि ‘गॅलर्‍या’ हे दोन शब्द आपल्याला एकच दिसतील; पहिला मी पहिल्या मार्गाने लिहिला आहे आणि दुसरा दुसऱ्या. आमच्या चाळीच्या दुरुस्तीच्या कागदपत्रांची सूची मी इन्स्क्रिप्टने टाइप करीत असे, आणि समितीतले इतर सभासद फोनवरून मजकूर पाठवीत, तो मी तसाच चिकटवीत असे. पुढे कंत्राटदाराशी वाद झाला तेव्हा ‘गॅलऱ्या’ हा शब्द शोधला, तर निम्मीच पत्रे सापडली. उरलेल्या पत्रांत दुसऱ्या मार्गाचा र होता. एक पूर्ण रविवार ती सूची डोळ्यांखालून घालण्यात गेला.

‘ॲ’चेही असेच आहे. ‘ॲसिड’मधला ॲ हे ०९७२ क्रमांकाचे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीपासून लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवीत, आणि अनेक जण अजूनही भागवतात. दिसायला फरक नाही, शोधताना आहे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकण्याची खोड तर लग्नपत्रिकांपासून सरकारी फलकांपर्यंत सर्वत्र दिसते. ‘नमः’ आणि ‘दुःख’ यांतला विसर्ग इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह संयोगचिन्हाच्या कळीवर आहे. त्याऐवजी अपूर्णविराम टाकला तर संगणकाच्या लेखी ‘दु’ आणि ‘ख’ हे दोन वेगळे तुकडे होतात. पत्रिकेच्या माथ्यावरच्या ‘॥ श्री ॥’साठीही दोन उभ्या इंग्रजी रेघा नकोत. दुहेरी दंडाचा स्वतःचा क्रमांक ०९६५ आहे.

मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर चिन्हाच्या जागी काय दिसते हेही लक्षात ठेवा. रिकामा चौकोन दिसत असेल तर घाबरू नका; अक्षर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये त्याचे चित्र नाही, आणि फॉन्ट बदलला की ते दिसते. प्रश्नचिन्ह दिसत असेल तर मात्र फाइल जतन करताना चुकीची पद्धत निवडली गेली आणि मूळ अक्षर पुसले गेले, असे बहुतेक वेळा समजावे. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) जतन केलेल्या मराठी याद्यांचे हेच होते. तेथे यूटीएफ-८ असा उल्लेख असलेला पर्याय निवडावा, आणि मूळ फाइल हातची जाऊ देऊ नये, कारण प्रश्नचिन्हातून अक्षर परत काढता येत नाही.

आपल्याकडे आजवर चिकटवून तयार केलेल्या फायली असतील, तर त्या नव्याने टाइप करू नका. एखाद्या फाइलमधला ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या, त्याच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेसने काना आणि ‘य’ खोडा, आणि मग ऑल्ट-एक्स दाबा (पाहून झाले की कंट्रोल-झेडने शब्द पूर्ववत करा). २००डी दिसले तर ती फाइल दुसऱ्या मार्गाची आहे. त्यानंतर तो शब्द बदलण्याचे काम वर्डच्या ‘रिप्लेस’वर सोपवा : शोधायच्या चौकटीत फाइलमधलाच शब्द उचलून ठेवा, आणि बदलायच्या चौकटीत स्वतः इन्स्क्रिप्टने टाइप केलेला. पहिल्या दोन-तीन जागा एकेक करून तपासा, मगच सगळ्या एकदम बदला.