फी नाही, मग शाळा चालते कशावर?

अमेरिकेत शहरातल्या गरीब वस्तीतली खाजगी शाळा पालकांकडून फी घेत नाही, मग तिचा खर्च कोण उचलतं आणि अशा शाळेला देणगी द्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. आधी चार्टर शाळा, म्हणजे स्वतंत्र संस्था चालवतात त्या सार्वजनिक शाळा, बाजूला ठेवा. त्याही फुकट असतात, पण सरकारी पैशावर.

खाजगीतला एक जुना नमुना न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा. जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाने, १९७१ साली तिथे नेटिव्हिटी ही मधल्या इयत्तांची शाळा काढली. लहान वर्ग, लांबलेला दिवस, उन्हाळ्यात शिबिर, आणि मुलं शाळा संपवून गेल्यावरही त्यांची पाठराखण. पुढे कितीतरी शाळांनी हे उचललं. पण मुलं थोडी आणि शिक्षक जास्त, म्हणजे हे स्वस्तातलं काम नव्हे. सगळा खर्च दरवर्षी नव्याने देणगीदारांकडून गोळा करायचा. मुख्याध्यापकांचा निम्मा जीव त्यातच जातो.

शिकागोच्या क्रिस्टो रे हायस्कूलने १९९६ मध्ये वेगळी वाट काढली. चार विद्यार्थी मिळून एका कंपनीतली एक नोकरी करतात, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातले साधारण पाच दिवस, आणि मोबदला शाळेला. युक्ती झकास आहे, मात्र लहान मुलांच्या शाळेला तिचा उपयोग नाही. शिवाय पालक ऐपतीप्रमाणे थोडी फी भरतातच.

तिसरा मार्ग सरकारी व्हाउचरचा, म्हणजे खाजगी शाळेतल्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे सरकारने देण्याचा. मिलवॉकीत तो १९९० पासून आहे. क्लीव्हलँडच्या खटल्यात २००२ साली सुप्रीम कोर्टाने धार्मिक शाळांसाठीही व्हाउचर ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवलं. या पैशाबरोबर अटी येतात: मिलवॉकीत अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी लागते.

आता देणगीचं. संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे धर्मादाय संस्था दरवर्षी कर खात्याला देते तो जमाखर्च, कोणालाही बघता येतो. चर्चशी संलग्न शाळांना तो भरण्यातून सूट असते, त्यामुळे सापडला नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका, सरळ हिशेब मागा. ‘आमची सगळी मुलं कॉलेजात गेली’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. सहावीत आलेल्यांपैकी आठवीपर्यंत किती टिकली आणि कॉलेज पूर्ण किती जणांनी केलं, हे विचारा. माजी विद्यार्थ्यांच्या मागे राहायला पूर्णवेळ माणूस आहे का, तेही. आणि देणार असाल तर नव्या इमारतीऐवजी रोजच्या खर्चाला द्या. इमारतीवर नाव लागतं, म्हणून तिला देणारे भेटतात. पगारासाठी मात्र शाळेला फिरावं लागतं.