प्रादेशिक योजनेत, म्हणजे परिसरातील जमिनींचा वापर ठरवणाऱ्या शासकीय आराखड्यात, जमीन शेती विभागात दाखवली असेल, तर तेथे घर बांधता येते का?

सातबाऱ्यावर जमिनीचा विभाग नमूद नसतो. म्हणून प्रथम नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला, म्हणजे जमीन योजनेतील कोणत्या विभागात येते याचे प्रमाणपत्र, घ्यावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये मंजूर झालेल्या योजनेतील भूवापर बंधनकारक असतो आणि शेती विभागात बांधकामाला, शेतघरासारखे मर्यादित अपवाद वगळता, सहसा वाव नसतो. मात्र जमीन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असल्यास, जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार, रूपांतरण कर भरून निवासी वापराची वाट बरीच सोपी होते. अनेकांना ही तरतूद ठाऊकच नसते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात 2001 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंधही लागू आहेत, त्यामुळे तेथे केवळ झोन दाखल्यावर विसंबून व्यवहार करू नये.