.४५८ नको भाऊ, .३७५ पुरे

अंबाजोगाईकडच्या एका भावांनी विचारलंय: ऑगस्टमध्ये बायको आणि पहिलीतल्या मुलीला घेऊन दक्षिण आफ्रिकेत, लिम्पोपोतल्या गेम फार्मवर, म्हणजे शिकारीसाठी जंगली जनावरं पाळतात तिथं, नोकरीला निघालोय. केप बफेलोच्या, म्हणजे तिथल्या रानरेड्याच्या, शिकारीत पाहुण्यांसोबत राहावं लागेल. .४५८ ही भारी रायफल वापरावी का, तिचा धक्का सोसेल का, आणि तिथं एकटेपणा वाटतो का?

मी परभणीचा, अकरा वर्षांपासून इथं. प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

व्हिसाची यादी सरकारी आहे, ती तिथंच बघा. फक्त पोलिसांचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. माझ्या टीसीवर वडिलांचं नाव ज्ञानोबा, पासपोर्टवर ज्ञानदेव. ते जुळवता जुळवता दाखल्याची मुदत संपली, दुसरा काढला. सात चकरा झाल्या, त्याही सोयाबीनच्या सुगीत. अजून राग येतो.

स्वतःच्या नावाची रायफल कायमचा रहिवास मिळेपर्यंत विसरा. मालकाचीच हातात येईल, त्याच्या देखरेखीत. तेव्हा .४५८ पेक्षा हलकी .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मागा. १९१२ पासून चालत आलेलं काडतूस आहे, ३०० ग्रेनची (साधारण १९ ग्रॅमची) गोळी बफेलोला पुरते. तिचा धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलच्या जवळपास दुप्पट, तर .४५८ चा धक्का त्याच .३०-०६ च्या तिप्पट.

मी मोंढ्यात क्विंटलची पोती वाहिलेली. आपल्या खांद्याला काय होतंय म्हणून पहिल्याच महिन्यात मालकाची .४५८ हातात घेतली, टेबलाशी बसून वीस गोळ्या झाडल्या. खांदा काळानिळा पडला, तो आठवड्यात बरा झाला. पण चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागला, नळी खाली जायला लागली. कुणाला सांगितलं नाही. पुढच्या जूनमध्ये बफेलोवर तेच झालं, गोळी पोटात बसली. दोन दिवस आम्ही गवतावरचे रक्ताचे थेंब शोधत फिरलो. माग काढणारा म्हातारा पुढं, मी त्याच्या मागं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तो मारला. म्हाताऱ्याला काही झालं असतं तर त्याच्या घरी मी कोणत्या तोंडानं गेलो असतो?

ती भीती जायला वर्ष लागलं. रोज .२२ या धक्का नसल्यासारख्या छोट्या रायफलवर सराव. .३७५ एका वेळी चार-पाचच गोळ्या, त्याही उभं राहून, तीन काठ्यांच्या टेकूवर. बसलं की अंगाला मागं जायला जागा राहत नाही. कानात बोळे आणि वर इअरमफ. दस्ता आपल्या हाताच्या मापाचा, दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब, नाहीतर भुवई फुटते. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावू नका, धक्का कमी होतो पण शेजारच्याचे कान जातात. आणि सोबत्याला अधूनमधून तुमच्या नकळत डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भरायला सांगा. चाप ओढल्यावर नळी बुडाली, तर भीती आत आहे.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते.

शाळेचं मात्र तुम्ही विचारलंच नाही. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. मीही ऑगस्टलाच आलो होतो. मुलगी चौथीत, तीसपर्यंत पाढे पाठ. शिक्षिकेनं तिचं इंग्रजी ऐकलं आणि एक इयत्ता खाली बसवलं. नोकरी नवी होती, मी भांडलो नाही. गेटपाशी तिनं विचारलं, "बाबा, मी नापास झाले का?" आज ती वीस वर्षांची आहे. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

रायफलचं नंतर बघा. मालकाला आजच कळवा, जानेवारीत रुजू होतो म्हणून, आणि मुलीचा शाळेचा दाखला इंग्रजीत करून घ्या.