बोगस देवगड आणि बोगस आंबा

कळव्याच्या एका वाचकाने विचारलं आहे : “घरी आम्ही ‘भाजी बोगस झालीय’ म्हणतो आणि पेपरात ‘बोगस डॉक्टरला अटक’ वाचतो. दोन्हीकडचा बोगस एकच का? आणि आजोबा म्हणतात तसा तो बोगद्यावरून आलाय का, आतून पोकळ म्हणून?”

आजोबांची कल्पना मला फार आवडली. ज्याचं आयुष्य पारसिकच्या बोगद्याजवळ गेलं त्याला हे सुचणारच. पण त्या दोन शब्दांचं नातं नाही. बोगस आपण इंग्रजीतून घेतला आणि इंग्रजीत तो अमेरिकेत रुजला. शेवटच्या ‘अस’मुळे तो लॅटिन वाटतो, तसाही तो नाही. ओहायो राज्यातल्या पेन्सव्हिल गावी १८२७ मध्ये खोटी नाणी पाडायच्या यंत्राला ‘बोगस’ म्हटल्याची नोंद सापडते. यंत्राला हे नाव कशावरून पडलं यावर कोशकारांचं एकमत नाही. पुढे यंत्राचं नाव नाण्याला लागलं आणि नाण्यावरून कुठल्याही खोट्या वस्तूला.

आता मराठीकडे येऊ. मे महिन्यात जांभळी नाक्यावर एका हातगाडीपाशी उभी होते. पेटीवर ठसठशीत ‘देवगड हापूस’ छापलेलं. एका ताईंनी वरचे आंबे आणि गवत बाजूला केलं, तर तळाला कानडी वर्तमानपत्र! “दादा, हा देवगड बोगस आहे,” त्या म्हणाल्या. शेजारच्या काकांनी चाखायला दिलेली फोड तोंडात टाकली आणि मान हलवली : “यंदा आंबाच बोगस आहे हो.”

एकाच गाडीवर, मिनिटभराच्या अंतराने, दोन बोगस. ताईंचा आंबा कदाचित साखरेसारखा गोड निघेल, पण त्याचं नाव खोटं आहे. काकांच्या आंब्याचं नाव खरं असलं, तरी चवीत दम नाही. कर्नाटकचा आंबा वाशीच्या बाजारात राजरोस येतो, त्यात बोगस काहीच नाही. पेटीवरचं नाव तेवढं बोगस. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात आपला ठाणे जिल्हाही आहे, त्यामुळे या नावाला किंमत आहे.

फसवणुकीपासून निकृष्टापर्यंत हा शब्द कसा पोचला, ते क्रियापदं सांगतात. ‘बियाणं बोगस निघालं’ यात फसवणूक आहे. ‘भाजी बोगस झाली’ यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, नुसती बिघडली. आणि या दोघांच्या मधोमध ‘सिनेमा बोगस निघाला’. जाहिरातीने आशा लावली आणि पडद्यावर काहीच नव्हतं. म्हटलं तर फसवणूक, म्हटलं तर नुसता वाईट सिनेमा. माझ्या मते अर्थ इथूनच घसरला. अमेरिकेतल्या तरुणांनीही बोगसला ‘भिकार’ हा अर्थ दिला होता, पण आपण तो तिथून आणला असं मानायची गरज मला वाटत नाही. फालतू म्हणजे मुळात जास्तीचं, त्याचं आपण टाकाऊ केलंच ना? भिकार तर भिकाऱ्यावरून थेट सिनेमापर्यंत पोचला.

शब्द रुळायला व्याकरणाचीही मदत झाली. बोगस मतदार, बोगस भाजी, बोगस बियाणं : लिंग बदललं तरी शब्द हलत नाही. त्याला आपण ‘गिरी’ जोडून बोगसगिरीही केली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की जो शब्द नाण्यापासून निघाला त्याला मराठीने पैशापाशी फारसं येऊ दिलं नाही. नाणं खोटं असतं, नोटा बनावट किंवा नकली असतात. ‘बोगस नोट’ क्वचितच कुणी म्हणतं. माणसांतही वाटणी आहे. खाकी घालून लुटणारा तो तोतया पोलीस, पण पदवीशिवाय दवाखाना थाटणारा बोगस डॉक्टर. तोतया दुसऱ्याचं सोंग घेतो, सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने घेतलं तसं. बोगसपाशी फक्त कागद नसतो, किंवा असला तर खोटा असतो.

म्हणून डॉक्टरांच्या बाबतीत हा शब्द जपून वापरा. तलावपाळीच्या कट्ट्यावर ‘तो डॉक्टर बोगस आहे’ म्हणालात तर ऐकणारा समजेल की औषधाला गुण येत नाही. तेच वाक्य सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिलंत, तर त्याच्याकडे पदवीच नाही असा अर्थ होईल.