तलावाच्या पोटात मुरूम पडतोय. तक्रार केली तर आमचेही निघेल का?

प्रश्न: मी गोंदिया जिल्ह्यातील ढिवर समाजाच्या मच्छीमार सोसायटीची सचिव आहे. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात एका धान व्यापाऱ्याने चार महिन्यांपूर्वी लॉनसाठी मुरूम टाकायला सुरुवात केली. पलीकडच्या काठाला आमच्याच काही भूमिहीन घरांचा उन्हाळी गाळपेरा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेला पेरा, आहे. त्यातले एक घर आमच्या ग्रामपंचायत सदस्याचे. पाणथळ जागांच्या संरक्षणाच्या नियमांखाली तक्रार करायची म्हटले, तर सरपंच म्हणतात, सगळ्यांचेच अतिक्रमण निघेल. काय करावे?

उत्तर: ताई, गप्प बसू नका. पण सरपंच म्हणतात त्यात तथ्य आहे. तक्रार झाली की मोजणी होईल, आणि ती एकाच काठाची होत नाही. गाळपेरा करणाऱ्यांना अंधारात ठेवून अर्ज देणे मला गैर वाटते. आधी त्यांच्यासोबत बसा.

कायदा व्यापाऱ्याला आणि गाळपेरा करणाऱ्यांना एकाच मापाने मोजत नाही. पतियाळा जिल्ह्यातील एका गावाचे तळे बुजवून घरे बांधली गेली होती. त्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी बजावले की अतिक्रमण जुने आहे, बांधकामावर खूप खर्च झाला आहे किंवा माणसाची वर ओळख आहे, म्हणून ते नियमित करता येणार नाही. अपवाद ठेवला तो शासकीय आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यासारख्यांचा. तुमच्या लोकांकडे असा पट्टा नाही, हीच अडचण. पण पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन एकसाली भाड्याने देण्याची पद्धत पाटबंधारे खात्यात जुनी आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या: भूमिहीनांना एकसाली गाळपेरा, बांध घालायचा नाही, भर टाकायची नाही, पावसाआधी जमीन मोकळी. तो जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे द्या. मंजुरी मिळेलच असे मी म्हणत नाही, पण लपवाछपवीपेक्षा हा रस्ता शंभर पटींनी सुरक्षित आहे.

आता पाणथळ नियम. २०१७ च्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. व्यापाऱ्याचा वकील पहिल्याच तारखेला हे बोलेल. तुमचे उत्तर असे: सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियमांतील चौथ्या नियमाची (पाणथळ जागा बुजवण्यासारख्या कामांवरील बंदीची) तत्त्वे लागू केली, आणि २०१० च्या व्याख्येत मानवनिर्मित तलावही येत होते. तुमचा तलाव त्या यादीत आहे का, ते पाहा. तरीही सगळा भार या मुद्द्यावर टाकू नका.

तुमचे खरे बळ महसूल दप्तरात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली आणि तलाव शासनाकडे आले, पण गावाचा वापर संपला नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालचे निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराची नोंद) आणि कलम १६५ खालचा वाजिब-उल-अर्ज (गावातील रूढींची नोंद), दोन्हींच्या प्रमाणित नकला काढा. पाण्याच्या आणि मासेमारीच्या रूढी अशाच कागदांत सापडतात. त्या जोडून तहसीलदारांकडे कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याचा अर्ज द्या आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी मागा.

वेळेचे भान मात्र ठेवा. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, त्याच्याच कायद्याच्या कलम १४ खाली, कारण पहिल्यांदा घडले तेव्हापासून सहा महिन्यांत जावे लागते. सबळ कारण असेल तरच आणखी ६० दिवस. तहसीलदारांच्या उत्तराची वाट पाहिली म्हणून ही मुदत थांबत नाही. तलाव पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षे आहेत, पण तोवर तिथे लॉन उभे राहील. तेव्हा पहिला ट्रक कधी रिकामा झाला, त्याचा तारखेसह पुरावा आजच जमवा.

आणि तुमचे ग्रामपंचायत सदस्य. शासकीय जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली अपात्र ठरतो, आणि जनाबाई खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या अतिक्रमणाचाही त्यात विचार केला. तुमचा अर्ज पडताच समोरचा पक्ष हेच अस्त्र काढेल. त्यांनी गाळपेरा अर्जाआधीच सोडावा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तसे नोंदवून घ्यावे. त्यामुळे त्यांचे पद वाचेलच, अशी खात्री मी देणार नाही. त्यांना हे आधी समजावून सांगा. मगच अर्जावर त्यांची सही घ्या.